साखरेपासून सुरुवात: रशियन अक्षरं शिकणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

पहिल्या तासाला मी तिच्यापुढे एक शब्द ठेवला. पाच अक्षरं, छापील, ठळक. तिने जेमतेम दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाली, "केक्सॅप."

"नीट बघ, घाई करू नकोस."

"मॅडम, केक्सॅपच आहे. सी, ए, एक्स, ए, पी."

तो शब्द रशियन होता. उच्चार 'साखर', आणि अर्थही साखरच. लहानपणापासून रोज चहात साखर घालणाऱ्या मुलीला तो ओळखता आला नाही, कारण तिच्या डोळ्यांनी तो परस्पर इंग्रजी ठरवून टाकला होता. ही सवय चोवीस दिवसांत कशी सुटली आणि ती सोडवताना माझ्या हातून काय राहून गेलं, ते इथे मांडते आहे.

ती आली तेव्हा

मुलगी उदगीरच्या बाजूची. बिदर तिच्या गावापासून दीड तासावर. बारावी शास्त्र झालेलं, नीटचे गुण बरे होते पण सरकारी कॉलेजला पुरतील इतके नव्हते, आणि खासगी कॉलेजची फी घराला झेपणारी नव्हती. शेवटी रशियात त्वेर शहरात एमबीबीएसला प्रवेश घेतला. त्वेर म्हणजे मॉस्कोहून पीटर्सबर्गकडे जाणाऱ्या वाटेवरचं, व्होल्गा नदीकाठचं जुनं गाव. व्हिसा येईपर्यंत ती पुण्यात मावशीकडे राहणार होती. वडील सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मॅडम, पोरीला तिथले बोर्ड तरी वाचता आले पाहिजेत. रस्ता चुकली तर कुणाला विचारणार?"

व्याकरण नको, संभाषण नको, फक्त अक्षरं. रोज एक तास, साधारण साडेतीन आठवडे. तिचं नाव इथे देत नाही. तिला आणि घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.

वडिलांची मागणी मला फार रास्त वाटली. परदेशातली वैद्यकीय पदवी इथे चालायची तर ती इंग्रजी माध्यमातूनच हवी, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०२१चा नियम आहे. त्यामुळे पुष्कळ घरांत समजूत असते की तिथे रशियन आली नाही तरी चालेल. वर्ग इंग्रजीत होतात हे खरं. पण वॉर्डातली आजी इंग्रजी बोलत नाही, औषधाच्या खोक्यावर रशियनच छापलेलं असतं आणि बसच्या पाटीवरही तेच. अक्षरं आली नाहीत तर डोळस माणूस तिथे आंधळा होतो. मी हे पाहिलेलं आहे, म्हणून अक्षरांच्या बाबतीत मी हट्टी आहे.

तिच्याजवळ एक तक्ता होता, प्रवेशाचं काम करणाऱ्या एजंटाकडून मिळालेला. डाव्या बाजूला रशियन अक्षर, उजव्या बाजूला इंग्रजी. तिने तो चक्क पाठ केला होता. घडाघडा म्हणून दाखवायची: "पी म्हणजे आर, एच म्हणजे एन, बी म्हणजे व्ही, सी म्हणजे एस, वाय म्हणजे यू." तक्त्यात चूक एकही नव्हती, आणि तरीही तिला एक शब्द सलग वाचता येत नव्हता.

गाठ कुठे होती

पहिल्या दोन दिवसांत मी तिला काही शिकवलं नाही. शब्द दाखवत गेले आणि ती कुठे अडते ते वहीत टिपत गेले. रशियन वर्णमालेत ३३ अक्षरं आहेत: १० स्वर, २१ व्यंजनं आणि २ चिन्हं, ज्यांना स्वतःचा असा आवाज नाही. यांतली पाच अक्षरं दिसायला आणि आवाजाला इंग्रजीसारखीच आहेत. दहाबारा अक्षरं इंग्रजी डोळ्याला अगदीच परकी आहेत. एक दोन पंखांच्या पतंगासारखं, एक उलट्या 'आर'सारखं, एक त्रिशूळासारखं.

मला वाटलं होतं ती या परक्या अक्षरांवर अडेल. तसं झालं नाही. पतंगासारखं अक्षर तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा चुकली नाही. त्रिशूळ तर तिने पहिल्या फटक्यात घेतला. ती चुकत होती ओळखीच्या चेहऱ्यांवर. 'पी'सारखं दिसणारा र, 'एच'सारखं दिसणारा न, 'सी'सारखं दिसणारा स, 'बी'सारखं दिसणारा व, 'वाय'सारखं दिसणारा उ आणि 'एक्स'सारखं दिसणारा ख. सहाच अक्षरं, पण ती दर दुसऱ्या शब्दात येतात. तिच्या शहराचं नावच घ्या. 'त्वेर' हे रशियन अक्षरांत तिने वाचलं "टबेप्ब". पाच खुणांतल्या तीन फसव्या.

तक्त्याने नेमकं इथे नुकसान केलं होतं. 'पी' दिसला की ती आधी मनात 'पी' म्हणायची, मग तक्ता आठवून 'आर' म्हणायची, मग त्या 'आर'चा र करायची. एका अक्षरासाठी तीन पायऱ्या. पाच अक्षरांचा शब्द संपेपर्यंत पहिलं अक्षर विसरलेलं असायचं. शिवाय इंग्रजीतून आलेला आवाज इंग्रजीचाच राहतो. घराला रशियनमध्ये 'दोम' म्हणतात, द अगदी आपल्या दगडातला. ती म्हणायची "डोम". 'तिथे' या अर्थाचा शब्द 'ताम', तिच्या तोंडी "टॅम". जी मुलगी त आणि ट, द आणि ड यांत जन्मात घोटाळा करणार नाही, ती इंग्रजीतून वाचायला लागली की दोन्ही एक करून टाकत होती. हे मला फार लागलं. जे तिच्या जिभेवर आधीच होतं तेच तिच्याकडून काढून घेतलं गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी तक्ता माझ्या कपाटात ठेवला. इंग्रजी नाव घ्यायचं नाही, अक्षर दिसलं की थेट मराठी आवाज. कार्डं केली: एका बाजूला रशियन अक्षर, मागे देवनागरी.

'पी'चं भूत मात्र कार्डांनीही उतरेना. तेव्हा एक गोष्ट सुचली. "फिजिक्समध्ये घनता कशाने दाखवतात?"

"ऱ्हो."

"काढून दाखव."

तिने वहीत ऱ्हो काढला आणि त्याच्याकडे बघत राहिली. अगदी 'पी'. आवाज मात्र र. "मॅडम, हे तर मी दोन वर्षं लिहिते आहे!"

त्या एका चिन्हाने दार उघडलं. शास्त्र शाखेच्या मुलांना ग्रीक अक्षरं येत असतात, फक्त आपल्याला येतात हे त्यांना माहीत नसतं. रशियन ग म्हणजे सरळ गामा. ल म्हणजे लॅम्डा, द म्हणजे पाय फुटलेला डेल्टा, प म्हणजे वर्तुळाचा पाय, फ म्हणजे फाय. हा योगायोग नाही. नवव्या शतकात थेस्सलोनिकीचे किरिल आणि मेथोडियस हे दोन भाऊ स्लाव लोकांत धर्मप्रसाराला गेले आणि त्यांनी त्या भाषेसाठी एक लिपी घडवली. ती लिपी वेगळी, ग्लागोलिती. आज जिला किरिलच्या नावाने ओळखतात ती सिरिलिक त्यांच्या शिष्यपरंपरेत, बल्गेरियात, ग्रीक मोठ्या अक्षरांवरून तयार झाली. ग्रीकमध्ये नसलेल्या आवाजांसाठी नवी अक्षरं घातली गेली. 'एच'सारखा दिसणारा न मूळचा ग्रीक न्यूच आहे. जुन्या हस्तलिखितांत त्याची मधली रेघ तिरपी असे, ती पुढे आडवी झाली. उलट रशियन 'इ'ची रेघ आडवी होती, ती तिरपी होऊन आजचा उलटा 'एन' झाला.

मग आजची अक्षरं रोमनसारखी इतकी का दिसतात? त्यात रशियाचा झार पहिला पीटर याचा हात आहे. त्याने १७०८मध्ये छपाईसाठी नवी, सुटसुटीत अक्षरं पाडायला लावली आणि त्यांचं वळण मुद्दाम युरोपातल्या लॅटिन टाइपाजवळ नेलं. त्या टाइपात छापलेलं पहिलं पुस्तक भूमितीचं होतं, हे ऐकून ती खूश झाली. पुढे १९१८च्या सुधारणेत काही जादा अक्षरं गेली आणि वर्णमाला आटोपशीर झाली. इतिहासात आम्ही यापेक्षा जास्त वेळ घालवला नाही. पण अक्षराला बूड आहे, ते उगाच असं नाही, हे कळल्यावर तिची चिडचिड कमी झाली.

चमचा, चमचे

चौथ्या दिवसापासून गाडी वेगात धावली. 'साखर'बरोबर 'चाय' घेतला. रशियात चहाला 'चाय'च म्हणतात, आणि त्याचं पहिलं अक्षर चार आकड्यासारखं दिसतं. रशियन चारलाही 'चितीर्ये' म्हणतात. चाराच्या आकड्यासारखा च, चारच्या आधी च. हे पुन्हा सांगावं लागलं नाही. साखरेचंही सांगितलं: संस्कृत शर्करा इकडे प्राकृतातून साखर झाली, तिकडे ग्रीकांच्या वाटेने फिरत फिरत रशियात गेली आणि दोन्हीकडे कानाला जवळपास एकच उरली.

पण चच्या निमित्ताने जे हाती लागलं ते मला आजवरच्या शिकवण्यात सर्वांत मोलाचं वाटतं. रशियनमध्ये 'च'साठी एक अक्षर आहे आणि 'त्स'साठी दुसरं. इतर भाषांची मुलं या दुसऱ्या अक्षरावर कायम अडखळतात. मी तिला म्हटलं, "चमचा म्हण." म्हणाली. "आता चमचे म्हण." म्हणाली.

"शेवटचा च दोन्हीकडे सारखा आहे का?"

ती दोनतीनदा पुटपुटली. चमचा, चमचे. चमचा, चमचे. मग हळूच म्हणाली, "नाही. 'चमचे'मधला चहातला आहे. 'चमचा'मधला दातांजवळचा आहे."

तेच ते अक्षर. आपण दोन्ही आवाज काढतो आणि एकाच अक्षरात लिहितो, रशियन त्यांना दोन अक्षरं देतात. सर्कस म्हणजे 'त्सिर्क', शहराचा मध्य म्हणजे 'त्सेंत्र', दोन्ही चमच्याच्या चने सुरू होतात. तीन आकड्यासारखं दिसणारं अक्षर आपल्या 'मजा'तल्या जच्या जवळचं. आणि त्रिशूळासारखी जी दोन अक्षरं आहेत, एक साधं आणि एक शेपटीवालं, त्यांच्यासाठी मराठीने ष आणि श जपून ठेवले आहेत. बोलताना आपण दोन्ही सारखेच म्हणतो, पण पोटफोड्या षचं स्थान ट-ठ-डच्या रांगेत आहे हे व्याकरणात शिकलेलो असतो. साधा त्रिशूळ म्हणजे खरोखर जीभ वर वळवून म्हटलेला ष. शेपटीवाला म्हणजे लांबवलेला मऊ श, 'बोर्श्श' या बिटाच्या सूपच्या शेवटी येतो तो. तिला म्हटलं, "ट म्हणायला जीभ लाव, आणि तिथूनच श सोड." दुसऱ्याच प्रयत्नाला अस्सल रशियन ष आला.

उलट, मराठीचा ज रशियनमध्ये एका अक्षरात नाही. तिथे द आणि त्या पतंगासारख्या अक्षराला जोडून भागवतात. यावर तिला अफानासी निकीतिनची गोष्ट सांगितली, कारण ती तिचीच गोष्ट होती. निकीतिन पंधराव्या शतकातला त्वेरचा व्यापारी. चौलच्या बंदरात उतरला, घाट चढून जुन्नरला आला, पावसाळ्यात तिथे राहिला आणि पुढे बहमनींच्या राजधानीत, बिदरला, बराच काळ होता. आपल्या टिपणांत तो जुन्नरचं नाव 'चुनेर' असं च घालून लिहितो. कानाने ऐकलेल्या जला त्याच्या लिपीत जागा नव्हती. परतताना स्वतःच्या गावी पोचण्याआधीच तो वारला. आज त्वेरमध्ये व्होल्गाकाठी त्याचा पुतळा आहे आणि इकडे रेवदंड्याला स्मारक. त्वेरहून बिदरला आलेला तो, आणि बिदरजवळून त्वेरला निघालेली ही. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर तिने रशियन अक्षरांत 'चुनेर' लिहून आणलं होतं.

बाराखडी

स्वरांचं प्रकरण नवव्या दिवशी आलं. दहा स्वर आहेत असं तक्ता सांगतो आणि शिकणारा घाबरतो. प्रत्यक्षात त्या पाच जोड्या आहेत: आ-या, ओ-यो, ऊ-यू, ए-ये, आणि पाचवी जोडी इची. त्यातला एक आपल्या इसारखाच, दुसरा घशाकडे ओढलेला, जो मराठीत नाही. ऊ म्हणता म्हणता ओठ पसरले की त्याच्या जवळपास जाता येतं.

मी फळ्यावर न घेतला आणि एका ओळीत ना, नो, नू, ने लिहिलं, खालच्या ओळीत न्या, न्यो, न्यू, न्ये. रशियन अक्षरांत, अर्थात. ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली. "ही तर बाराखडी आहे."

खरंच बाराखडी होती. रात्री घरी बसून तिने सगळ्या व्यंजनांची लिहून काढली, पहिलीतल्या मुलीसारखी रकाने आखून. दुसऱ्या दिवशी वहीची आठ पानं भरलेली. ना-नोच्या ओळीतल्या व्यंजनाला रशियनमध्ये कठोर म्हणतात, न्या-न्योच्या ओळीतल्याला मऊ. तिथे मी फक्त सुधारणा सांगितल्या: पतंग, साधा त्रिशूळ आणि चमच्याचा च ही तीन व्यंजनं कायम कठोर राहतात, चहाचा च आणि शेपटीवाला त्रिशूळ कायम मऊ. पतंगापुढे आणि त्रिशूळापुढे कानाला घशातला इ ऐकू आला तरी लिहायचा साधा इ, हा नियम रशियातली पोरं पहिलीत यमक जुळवून पाठ करतात. तिनेही केला.

बाराव्या दिवशी ती दुकानांच्या पाट्यांचे फोटो सरळ वाचत होती. अप्त्येका म्हणजे औषधाचं दुकान, कास्सा म्हणजे पैसे भरायची खिडकी, आत जायला 'फ्खोद', बाहेर जायला 'वीखद'. पहिल्या दिवशी "पेक्टोपाह" वाटलेलं रेस्तरान आता तिला दुरून दिसत होतं. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं, काम झालं.

पाय मोडलेलं अक्षर

तसं झालं नव्हतं. बाराखडीने जे दिलं त्याचीच एक उधारी होती.

लहान 'बी'सारखं एक चिन्ह रशियन शब्दांच्या शेवटी वारंवार येतं. त्याला आवाज नाही. ते आधीच्या व्यंजनाला मऊ करतं. मी हे सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे पाय मोडायचा." मी घाईत मान डोलावली. ती मान डोलावणं मला महागात पडलं. पाय मोडला की आपल्याकडे अक्षरातला अ जातो, व्यंजन तसंच्या तसं राहतं. रशियन चिन्ह व्यंजनच बदलतं. 'ब्रात' म्हणजे भाऊ. त्याच्या शेवटी हे चिन्ह आलं की 'घेणे'. 'ऊगल' म्हणजे कोपरा, चिन्ह लागलं की कोळसा. तिच्या वाचण्यात भाऊ आणि घेणे एक, कोपरा आणि कोळसा एक.

आणि ही काही पुस्तकी हौस नव्हे. डॉक्टर होणाऱ्या मुलीने रशियन रुग्णाकडून रोज ऐकायचे शब्द पाहा: वेदना, रक्त, हाड, यकृत, पित्त, अंगावरचं पुरळ. 'बोल', 'क्रोफ', 'कोस्त', 'प्येचेन', 'झोल्च', 'सीप'. एकजात सगळे या चिन्हाने संपतात. देवनागरीत मी ते नीट लिहूही शकत नाही, इथे लिहिलेले आहेत तेही अर्धेच. त्वेरच्या शेवटीसुद्धा तेच चिन्ह आहे.

न्या-न्योच्या रांगेतही हीच अडचण दडून बसली होती. आपलं 'न्या' म्हणजे न अधिक य, दोन आवाज. रशियन मऊ न हा एकच आवाज आहे, जीभ टाळूला चिकटवून काढलेला. वाचता येण्यापुरतं जोडाक्षर चालतं. पण रशियनमध्ये जोडाक्षरासारखा खरा य येणारे शब्द वेगळे आहेत, आणि तिथे गफलत झाली की अर्थ बदलतो. बियाणं आणि कुटुंब यांचे रशियन शब्द, एक 'स्येम्या', दुसरा त्यात खरा य असलेला, तिने दोन्ही सारखेच वाचले. 'तो बसला' आणि 'त्याने खाल्लं' यांचंही तसंच. या दुसऱ्या जोडीत फरक दाखवायला दुसरं मूक चिन्ह, कठोर चिन्ह, मध्ये येतं.

इथे लिपी पुरत नाही हे मला मान्य करावं लागलं. पुढचे तीन दिवस आम्ही वही मिटून ठेवली. मी शब्द म्हणायचे, तिने डोळे मिटून ऐकायचं आणि बोट वर करायचं: एक बोट कठोर, दोन बोटं मऊ. म्हणण्यासाठी एक युक्ती उपयोगी पडली. "'ति' म्हणायला जीभ तयार कर आणि इ गिळून टाक." पहिल्या दिवशी ती सरळ ठोकताळ्याने बोटं वर करत होती. तिसऱ्या दिवशी 'ऊगल'च्या जोडीवर तिने माझ्याकडे बघून, न चुकता, दोन बोटं वर केली. ल सर्वांत लवकर आला, त सर्वांत उशिरा. र शेवटपर्यंत नीट आला नाही, आणि त्वेरचा तो शेवटचा मऊ र ती निघाली तेव्हाही तिच्या तोंडात कडकच होता.

आघात, म्हणजे बोलताना दिलेला जोर, शब्दात कुठे पडतो ते छापत नाहीत आणि आघात नसलेला ओ आसारखा वाजतो, म्हणून दुधाचं 'मोलोको' लिहिलेलं 'मलाको' वाचायचं. हे तिला एका तासात समजलं. 'यो'वरचे दोन ठिपके छापणारे बहुतेक वेळा गाळतात, तेही सांगून ठेवलं. अठराव्या शतकात आलेलं हे सगळ्यांत तरुण अक्षर अजूनही आपल्या ठिपक्यांसाठी झगडतं आहे.

हाताने लिहिलेलं

माझी खरी चूक पुढे आहे. विसाव्या दिवशी मी तिच्यापुढे हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवली. चारच ओळी, पाट्यांवर वाचलेलेच शब्द. ती वाचेना. तिने कागद फिरवून पाहिला. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मॅडम, ही दुसरी भाषा आहे का?"

दुसरी भाषा नव्हती, पण दुसरी लिपी म्हटली तरी चालेल. आपल्याकडे छापायला बाळबोध आणि दप्तरी लिहायला मोडी असे, हात न उचलता भराभर. रशियनांचं छापील आणि हस्ताक्षर यांत अंतर तसंच आहे, आणि हे हस्ताक्षर आजही सगळीकडे चालतं. शिक्षक फळ्यावर त्याच वळणात लिहितात. रशियातल्या मुलांना पहिलीत तिरप्या रेघांच्या वह्या देतात आणि अक्षर ओळखायच्या वेळीच त्याचं हाताचं वळण गिरवून घेतात. मीही पहिल्या दिवसापासून तेच करायला हवं होतं. "आधी छापील पक्कं होऊ दे" असं ठरवून मी ते शेवटच्या आठवड्यावर ढकललं. वीस दिवस जी इंग्रजी भुतं आम्ही हाकलली होती ती सगळी चिठ्ठीतून परत आली. हाताने लिहिलेला लहान त इंग्रजी 'एम'सारखा तीन पायांचा. प 'एन'सारखा. इ 'यू'सारखा. द 'जी'सारखा, खाली शेपटी. 'इथे' या अर्थाचा 'तूत' हा साधा शब्द तिच्या डोळ्यांना 'एम-वाय-एम' दिसत होता.

उरले होते चार दिवस. फक्त लिहिणं. तिरप्या रेघांची वही मी घरी आखून दिली. वाचून हे वळण येत नाही, हाताने काढलं की डोळ्याला दिसायला लागतं. ल, म, इ आणि त्रिशूळ या चारांचं सगळं अंग एकाच वळणाने बनतं, शब्दात ओळीने आले की नुसती करवत दिसते. भेद एकच: ल आणि म यांच्या सुरुवातीला खाली एक बारीकसा टिंबासारखा हुक असतो. तो काढायला ती विसरायची. मी तिचं बोट धरून त्या हुकावर टेकवायचे, प्रत्येक वेळी. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच लिहिताना तिथे क्षणभर थांबायला लागली. काही रशियन माणसं तवर आडवी रेघ मारतात आणि त्रिशूळाखाली एक, म्हणजे करवतीत हरवू नये. तिला ती सवय लावली.

शेवटच्या तासाला तिची कागदपत्रं पाहिली. पासपोर्टचं रशियन भाषांतर झालेलं होतं, गावाच्या नावातला ळ आधी इंग्रजीत ल झाला आणि मग रशियनमध्येही लच. त्याला इलाज नाही, तिथे ळ नाही. हचंही असंच, नेमका ह रशियनमध्ये नाही. महाराष्ट्र तिथे घशातल्या खने लिहितात, हिमालय मात्र 'गिमालाइ' होतो. मी एवढंच बजावलं की तिथे कुठलाही अर्ज भरताना नाव या भाषांतरात जसं आहे तसंच, अक्षर न बदलता लिहायचं, मग उच्चार कितीही चुकीचा वाटो. तिने ते तिथल्या तिथे हाताच्या वळणात पाच वेळा लिहून दाखवलं. म आला तिथे हुक होता.

ती गेली. दहाबारा दिवसांनी फोनवर एक फोटो आला. वसतिगृहातल्या लिफ्टच्या दारावर कुणीतरी निळ्या पेनाने लिहून चिकटवलेला कागद, घाईतलं अक्षर. तीन शब्द: 'लिफ्त न्ये रबोतायेत', लिफ्ट बंद आहे. खाली तिने लिहिलं होतं, "मॅडम, तीन एम होते. तिन्ही त वाचले. सातव्या मजल्यावर चालत आले."